वडील नाही, दादा

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली. तुझ्याविषयी कुणी विचारलं की मी अजूनही ठाण्याच्या कोर्टातली ती सकाळ सांगते, आणि सांगताना माझा आवाज जरा चढतो. अभिमानाने चढतो, हे मला कळतं. पण ती गोष्ट मी आजवर कुणालाच पूर्ण सांगितलेली नाही.

मी तिसरीत होते. आपण दोघी मानपाड्याला मामाच्या खोलीत राहत होतो आणि तू जवळच्याच एका कारखान्यात पॅकिंगला जायचीस. दादा तुझ्यापासून वेगळे, मोहन्याला. त्यांना मी दर रविवारी हवी होते, आणि आपल्या वकिलांनी भेट बंदच व्हावी म्हणून अर्ज केला होता. त्यावर तुझी सही होती. ती तू किती मनापासून केली होतीस, हे विचारायचं मला कधी धाडस झालं नाही. डोक्यावर छप्पर मामाचं होतं आणि आग्रहही मामाचाच, एवढं मात्र तेव्हाही समजत होतं. जज्जसाहेबांनी मला एकटीला आत बोलावलं. शाळेचं विचारलं, मग दादांचं. मी ताठ उभी राहून म्हटलं, "माझी वडिलांकडे जाण्याची इच्छा नाही." त्यांनी ते लिहून घेतलं आणि बाहेर येऊन सगळ्यांसमोर वाचलं.

आणि तू उठतेस. वकील हातानेच बस बस म्हणतायत, मामा तुझा पदर ओढतोय, पलीकडे दादा खाली मान घालून उभे आहेत.

"साहेब, हे हिचं बोलणं नाही. ही त्यांना वडील म्हणत नाही. दादा म्हणते."

"दादा कोण? मोठा भाऊ?"

"नाही साहेब, बापच. सासरी दीर-नणंदा त्यांना दादा म्हणायचे, ऐकून ऐकून हीपण तेच म्हणायला लागली."

मागे कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. "मग हे तिला शिकवलं कोणी?"

"माझ्याच माणसांनी शिकवलं असणार. पण दादा आले की ही चपला न घालता जिना उतरते, ते मी दर वेळी बघते ना. खोटं कसं सांगू?"

अर्ज तिथेच निकालात निघाला. रविवारी दहा ते पाच, कल्याणच्या एसटी स्टँडवर सोडायचं आणि तिथूनच घ्यायचं. पायऱ्या उतरताना मामा फणफणला, "अगं ताई, हातातली केस होती! वकील कोणाचा होता, तुझाच ना?" तू म्हणालीस, "उद्या ही मोठी होऊन मला विचारेल, तेव्हा तू येणारेस का उत्तर द्यायला?" तो चार महिने तुझ्याशी बोलला नाही. एका खोलीत, चार महिने. तू त्याचा डबा तरीही भरत होतीस.

स्टँडवर तुम्ही दोघं एकमेकांशी बोलायचा नाहीत, माझ्यामार्फत बोलायचात. "सांग त्यांना, हिला खोकला आहे, बर्फाचा गोळा द्यायचा नाही." "सांग तुझ्या आईला, मला ऐकू आलंय." मध्ये मी, वर बघत. एकही रविवार तू बुडवला नाहीस. दादांच्या शेवटच्या आजारपणात मी त्यांच्या उशाशी बसले ते परक्यासारखी नाही, लेकीसारखी. ते तू मिळवून दिलंस, आणि त्यासाठी स्वतःचीच केस हरलीस. याहून मोठं काही मी कुणाला करताना पाहिलेलं नाही.

त्या दिवशी कोर्टातून घरी आल्यावर मात्र तू मला जवळ घेऊन बजावलंस, "दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडात घ्यायचं नाही." मी मान हलवली. मामाला वाटलं वकिलांनी शिकवलं, वकिलांना वाटलं मामाने. दोघांनी एकमेकांवर राग धरला, आणि मी गप्प राहिले.

आई, मला कुणीच शिकवलं नव्हतं. घरात पडलेले अर्जाचे कागद वाचून ते वाक्य मीच तयार केलं होतं. मला वाटलं, ते ऐकून तू खूश होशील.