जीप डावीकडे ओढते

बल्लारपूर, ९ जानेवारी १९५६

चि. लटारूस देवाजीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व खुशाल. तुझ्या मालकांचं, गुणवंतराव ठेकेदारांचं पत्र आलं. तुझी जीप सारखी डाव्या कडेला जाते, दोनदा शेताच्या धुऱ्यावर चढली म्हणे. मोहाची घेऊन चालवतो का, असं त्यांनी मलाच विचारलं. तुला तिथे मी चिकटवलं, आता मान माझी खाली. लग्नाआधीचे तुझे प्रताप मी विसरलेलो नाही. त्यांना उत्तर पाठवलं आहे. होळीपर्यंत सुधार, नाहीतर दुसरा ड्रायव्हर ठेवतील. वहिनी रागावली आहे, तरी तुझ्यासाठी जवसाची चटणी बांधून ठेवली आहे.

देवाजी


अहेरी, १७ जानेवारी

ति. देवाजीभाऊंस लटारूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून जेवण गेलं नाही. लग्नानंतर मी थेंब घेतलेला नाही. कमळा रोज संध्याकाळी माझं तोंड हुंगते, तिलाच विचारा. ती म्हणते, भाऊले लिहा, आमचा माणूस शुद्धीत हाय, गाडीच नाई.

हात जरा सैल सोडला की जीप डावीकडे ओढते. डावा टायर एका कडेने गुळगुळीत झाला. दिवाळीत तुम्ही चाकांवरचे, गाडीचा भार पेलणारे लोखंडी पाटे बदलून दिलेत तेव्हापासून हे चालू आहे. पण तुमच्या कामात खोट कशी काढू, म्हणून गप्प राहिलो. वहिनीस नमस्कार. राग नसावा, लोभ असू द्यावा.

लटारू


बल्लारपूर, २६ जानेवारी

चि. लटारूस आशीर्वाद.

माझ्या कामाचं राहू दे, आधी मोज. जीप सपाट जागी रिकामी उभी कर. पुढच्या दोन चाकांमधलं अंतर दोरीने समोरून मोज, मग मागून. समोरून किंचित कमी भरायला हवं. तसं भरलं तर चाकं सरळ आहेत, दुखणं पाट्यांचं. मग दोन्ही बाजूंची उंची बघ आणि पाटे मोज. मोजताना कमळाला आत बसवून मिरवू नकोस.

देवाजी


अहेरी, ४ फेब्रुवारी

ति. भाऊंस शि. सा. न.

दोरी बरोबर निघाली, समोरून तांदळाच्या दाण्याएवढं कमी. पण जीप डावीकडे दोन बोटं खाली बसली आहे. उजवीकडे नऊ पाटे, डावीकडे आठ. हे असंच असतं का?

आता विचारून उपयोग नाही. काल मालकांनी होळीची वाट न बघता जीप काढून घेतली. मी पीत नाही म्हटलं, तर त्यांनी तुमचं पत्र पुढे केलं. त्यात लिहिलं होतं, त्याला जुनी सवय आहे, विश्वास ठेवू नका. अक्षर तुमचंच होतं. कमळाला अजून सांगितलेलं नाही.

लटारू


बल्लारपूर, ११ फेब्रुवारी

चि. लटारूस,

तुझी जीप लढाईतली, अमेरिकन बनावटीची. तिचं सुकाणू डावीकडे, पेट्रोलची टाकीही त्याच सीटखाली. जास्तीचा पाटा तिथे हवा. मी जन्मभर उजव्या सुकाणूच्या ट्रका दुरुस्त केल्या, हात सवयीने उजवीकडे गेला. तू तेव्हाच बोलला असतास तर मी तुला हाकलून दिलं असतं, हेही खरं.

पण हाताची चूक मी पाट्यांत शोधायला हवी होती, ती तुझ्यात शोधली. परक्या माणसाने नुसती शंका विचारली आणि मी भाऊ असून साक्ष दिली.

सोमवारच्या मोटारीने येतो. गुणवंतरावांसमोर पाटे मोजीन, माझ्या हाताने बदलीन. जीप तुला परत देतील की नाही, माहीत नाही. कमळाला मात्र तू काही सांगू नकोस, तिच्यापुढे मी स्वतः बोलेन.

आजवर थोरला म्हणून आशीर्वाद लिहिला की माझं भागायचं. आज लोभ मागतो, लटारू. देशील का?

देवाजी