पाहुणी झडप

सोमवार, ३

इस्पितळाच्या विश्रामगृहात आज खोली मिळाली. मागच्या आठवड्यात छाती उघडून माझी कडक झालेली झडप काढली आणि कुणा दात्याची, बर्फाहून कितीतरी गार ठेवलेली झडप बसवली. खोली लहान पण उजेडाची. खिडकीखाली धुलाईघर, दिवसभर वाफेचा वास. सोबतीला धाकटी जाऊ आहे. म्हणाली, जाऊबाई, आता छातीत भाडेकरू ठेवलाय, जरा जपून बोलत जा. हसले तर टाके ओढले. आमचे हे असते तर त्यांनीही सोडलं नसतं. जन्मभर नळदुरुस्ती केली. एका लायनीचा व्हॉल्व्ह दुसरीत बसवला की लाईन कुरकुरते, म्हणायचे.

गुरुवार, ६

लाईन कुरकुरलीच. ताप आला. डॉक्टरांना विचारलं तर सगळं छान आहे म्हणाले. मग माहितीपुस्तिका दोनदा वाचली, शब्दकोश मांडीवर घेऊन. गोठवताना झडपेतल्या बऱ्याच पेशी मरतात. उरतो तो नुसता सांगाडा, त्याच्याशी शरीर फारसं भांडत नाही. जिवंत राहिलेल्या पेशींना मात्र आपली प्रतिकारशक्ती परक्या म्हणून ओळखते आणि त्यांच्यावर तुटून पडते. माझ्या झडपेत फारच जगल्यात, हे नर्सने सांगितलं. म्हणून ती शक्ती निजवणारी गोळी सुरू केलीय, ती सगळ्यांना देत नाहीत. एवढं सांगायला डॉक्टरांची जीभ झिजली असती का?

रविवार, ९

ताप उतरला. पण एक गोष्ट खटकते. हे गेल्यापासून रोज जाग येताना बरगडीखाली चिमटा बसायचा. आधी चिमटा, मग ते नाहीत हे कळायचं. मी त्याला दुखणं कधी म्हटलं नाही, सोबत होती ती. ऑपरेशननंतर तो एकदाही आला नाही. डॉक्टरांना सांगितलं तर त्यांनी अभिनंदन केलं. मी तक्रार करत होते.

बुधवार, १२

हृदयाचा बारीक तुकडा काढून तपासला. शिकाऊ डॉक्टरांना बोलावून तो पडद्यावर दाखवला. झडपेच्या पेशी टाक्यांपलीकडे गेल्यात, माझ्या हृदयाच्या भिंतीवर पसरल्यात. असं आजवर कुणी पाहिलं नाही म्हणे. माझ्या पेशींचं काय झालं, विचारलं. ताई, हृदय उत्तम चाललंय, म्हणाले. कुणाचं, हे विचारेपर्यंत दार लोटून गेलेसुद्धा. भाडेकरूने भिंती पाडायला घ्यायच्या आणि घरमालकाने पेढे वाटायचे, असा प्रकार.

शुक्रवार, १४

जाऊ ह्यांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलत होती. बोलता बोलता रडली. मी टॉवेलच्या घड्या घालत राहिले, शेजारच्या घरातलं ऐकावं तसं ऐकत. ह्यांचा आवाज आठवेना. जाऊला विचारलं. घोगरा, कायम सर्दी झाल्यासारखा, म्हणाली. असेल. तिने किनरा सांगितला असता तरी मी मान डोलावली असती.

सोमवार, १७

शुक्रवारपासून गोळ्या थुंकून टाकतेय. निजवलेली ती शक्ती जागी झाली, तर भाडेकरू मागे हटेल. झडप फाटेल, दुसरी मिळेलच असं नाही, हे डॉक्टरांनी बजावलंय. फाटू दे. ह्यांच्यानंतर माझ्याजवळ त्या चिमट्याशिवाय होतं काय —

ताप चढला. आणि आज जाग येताना — चिमटा. बारीकसा. पाठोपाठ ह्यांची मान, खांद्यावरचा ओला फडका, आवाज. घोगराच होता. पोटभर रडले. किती बरं वाटलं.

बुधवार, १९

जाऊने नर्सला गोळ्यांचं सांगितलं. माझ्या पायाशी बसून म्हणाली, तुम्हीही गेलात तर मला कोण आहे.

वॉर्डात हलवलंय, औषध आता सलाईनमधून. मी सुई उपसली. त्यांनी पुन्हा लावली. डावा हात बांधलाय. डॉक्टर डोकावून गेले — सगळं छान.

गुरुवार, २०

ताप नाही. आत गार वाटतं. छान वाटतं —

नाही. लिहिते, म्हणजे राहील. नळ दुरुस्त करायचे. उंच होते — बहुतेक. फडका असायचा — कुठे? जाऊ शेजारी बसून डोळे पुसतेय, तिला नाही विचारणार. माझं मला आठवायला हवं. जन्मभर अहो म्हटलं, नाव कधी तोंडाने घेतलं नाही. आज लिहितेच. ह्यांचं नाव