टिंबाची जागा

३ मार्च
लागली एकदाची नोकरी! दवाखान्याच्या तळमजल्यावरची प्रयोगशाळा, मला स्वतंत्र टेबल, खिडकी आणि चक्क न करकरणारी खुर्ची. दादाला फोन केला तर म्हणाला की बरं झालं, आता रक्त काढताना रडायला हक्काचं माणूस मिळालं.

काम सोपं आहे. रक्तातलं क्रिएटिनिन मशीन मिलिग्रॅममध्ये, म्हणजे वजनात सांगतं. वरच्या डॉक्टरांना ते मायक्रोमोलमध्ये, म्हणजे रेणूंच्या मोजणीत हवं असतं. म्हणून आकड्याला ८८.४ ने गुणायचं आणि रजिस्टरात लिहायचं. मूत्रपिंडं ठणठणीत असतील तर उत्तर शंभराच्या आसपास किंवा खालीच राहतं. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रमुख, यांनी एकच नियम बजावला की शाईने लिहिलेलं खोडायचं नाही. चुकलं तर, असं विचारलं, तर म्हणाल्या की चुकायचं नाही.

७ मार्च
आज घोळ घातला. एका सुतारकाकांचं मशीनवर ९ आलं, भयंकर जास्त. गुणाकार ७९६. मी बोलण्याच्या नादात ७९.६ लिहून मोकळी. खोडायची सोय नाही, म्हणून तीच नळी पुन्हा मशीनला लावली. ०.९. तीनदा लावली, तरी ०.९.

त्यांच्या मागची नळी शाळेतल्या एका बाईंची. सकाळी ०.८ होती. आता ९.

मशीन बिघडलंय म्हणून मोठ्या बाईंकडे धावले. त्यांनी मशीनकडे बघितलंही नाही. म्हणाल्या की लिहिलंस ना, मग पुढचं घे. मी शाळेतल्या बाईंचे ७९६ लिहिले.

१२ मार्च
सुतारकाका बिस्किटांचा पुडा देऊन गेले, शीळ घालत. शाळेतल्या बाई काल वारल्या. त्यांचा नवरा रिपोर्ट न्यायला आला. मी सही घेतली. वाटलं होतं रडू येईल. डबा मात्र संपवला.

१९ मार्च
दादा रक्त तपासून घ्यायला आला. पाय सुजलेले, तरी माझ्या पांढऱ्या कोटाची टिंगल करून झाली. त्याचं ९ आलं.

मागची नळी कुणाची ते मला माहीत होतं. हिरव्या स्वेटरातली मुलगी, बाहेर बाकावर बसलेली. मी दादाचं ७९.६ लिहिलं. मुद्दाम. मग तिच्या नळीत ९ आलं. तिचंही ७९.६ लिहिलं. मग तिच्या मागच्याचं.

२ एप्रिल
रोज हेच. ९ येतं, मी टिंब सरकवते, ९ पुढच्या नळीत जातं. संध्याकाळची शेवटची नळी झाली की उद्याच्या पहिलीत. कुणी मरत नाही. दादा जिने चढतो, भांडतो, दोन माणसांचं जेवतो. मोठ्या बाई म्हणाल्या की हात छान बसला तुझा.

भीती वाटत नाही. वाटायला हवी ना —

१० एप्रिल
हे थांबतं कसं, ते मोठ्या बाईंना विचारलं. म्हणाल्या की कुणाचं तरी खरं लिहावं लागतं. मग पंखा कमी करायला सांगितला.

कुणाचं —

१९ एप्रिल
आज कर्मचाऱ्यांची तपासणी. दादाचीही महिन्याची. रजिस्टरात नावं आधीच चढवलेली, शाईने. कारकून. मग मी. माझ्या मागे दादा.

कारकुनाचं ७९.६ लिहून झालं. हाताने आपसूकच लिहिलं, मी नंतर वाचलं.

माझं ९.

दादा बाहेर शिपाईमामांना हसवतोय. चप्पल घट्ट होतेय, अंगठा बधिर —

मोठ्या बाई म्हणतात की आटप.

खरं लिहिणार, म्हणजे हे माझ्यापाशीच थांबेल. नक्की. पण हात टिंबाला सोकावलाय, म्हणून आधी इथे लिहून बघते. सात, नऊ, आणि लगेच सहा. मध्ये काही नाही. मध्ये काही नाही —

७९