कम्प्युटरला हवी चुकलेली रांगोळी

ती. द्वारकावन्सं यांना,

दिल्लीच्या मयूर विहारहून भानुमतीचा वाकून नमस्कार. गुडघ्यांचं कसं काय? तुमच्या यजमानांची शुगर ताब्यात आहे ना? तुमचे बंधू मजेत आहेत. (ऑफिसात सगळ्यांना कम्प्युटर मिळाले. यांनी आपला अजून झाकूनच ठेवलाय, धूळ बसू नये म्हणून.) मी मात्र मजेत नाही. मी जळतेय, आणि तुमच्यापासून काय लपवायचं?

झालं असं, तुमच्या भाचीला, अक्षयाला, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्याच वर्षी कॉलेजने सुट्टीत संशोधन दिलंय. (कपाटात स्वतःची ओढणी सापडत नाही, आणि संशोधन!) जोडीला फरीदाबादचा सुजय, चित्रकलेच्या कॉलेजातला. विषय काय, तर कम्प्युटरने ठिपक्यांची रांगोळी काढायची, पण माणसाने काढल्यासारखी. नमुन्यासाठी जिची रांगोळी घेतील, तिचं नाव आणि फोटो प्रदर्शनातल्या पोस्टरवर. मला वाटलं, आता विचारायचं काय त्यात! इथल्या मंडळाचं रांगोळीचं बक्षीस दर दिवाळीला आमच्याच घरी येतं. फोटोसाठी मी पैठणीला इस्त्रीसुद्धा करून ठेवली. आणि माझ्या पोटच्या पोरीने निवडलं कुणाला? खालच्या मजल्यावरच्या राधाला! अहो, भोकं पाडलेल्या कागदावरून ठिपके पाडूनही जिची ओळ तिरकी जाते, जिचं कमळ कोबीसारखं दिसतं, ती राधा! (बाई म्हणून चांगली आहे हो. माझं काही म्हणणं नाही.)

मी जाब विचारला, तर अक्षया म्हणते, “आई, समझा कर यार! तुझी रांगोळी बिल्कुल परफेक्ट असते. तशी तर कम्प्युटर आधीच काढतो. माणसाचा हात कुठे चुकतो, ते त्याला शिकवायचंय.” ऐकून अंगाचा असा तिळपापड झाला! इतकी वर्षं कंबर मोडून हात बसवला, तो काय यासाठी? पण मीही हट्टाची. म्हटलं, चुकायचंच ना, मग चुकून दाखवते. सकाळी दारात मुद्दाम वेडीवाकडी रांगोळी काढली. पाकळ्या मुरडल्या, ठिपके सोडले. सुजयने स्टुलावर चढून फोटो काढला आणि कॉलेजात नेला. परत आला तो मान खाली घालून. “काकू, तुम्ही चारही बाजूंना अगदी सारखंच चुकलात.” वन्सं, हात ऐकतच नाही हो! रागारागाने पोळ्या लाटायला घेतल्या, तर त्याही मेल्या गोलच झाल्या.

आणि राधा सगळ्या सोसायटीत सांगत फिरतेय, “मला कुठे काय येतं, मुलांनीच आग्रह केला.” तिचा हा साधेपणा मला बघवत नाही.

असो. घरातल्या मोठ्यांच्या पाया पडते, धाकट्यांचे गाल ओढते.

तुमची वहिनी,
भानुमती

ता. क. : खरं काम राहिलंच. मुलांना आणखी एक हात हवाय. माझ्या लग्नात तुम्ही दारात काढलेला मोर मला अजून आठवतो. (वऱ्हाडी ‘बदक छान आहे’ म्हणत होते, पण त्यांना काय कळतंय!) काय जिवंत हात तुमचा! तेव्हा मिळेल त्या गाडीने निघा. फोटो निदान आपल्या घरातल्या बाईचा लागेल. पैठणी माझी नेसा.

आणखी ता. क. : पत्र पेटीत टाकणार तेवढ्यात अक्षयाने पोस्टरचा नमुना आणला. मधोमध राधा, पण भोवतीची सगळी वेलबुट्टी माझी! पोरीने आईची आठवण ठेवली म्हणून डोळे भरून आले. म्हटलं, जाऊ दे, वन्संना कशाला त्रास, वरचा ता. क. खोडून टाकावा. इतक्यात अक्षयाच्या सरांचा फोन आला. राधाचं कौतुक करून झाल्यावर म्हणाले, “और बॉर्डर तो कम्प्युटर ने कमाल की बनाई है!”

वन्सं, तिकीट काढाच. आणि येईपर्यंत सराव अजिबात करू नका.