गौरीच्या बैलाची झूल

प्रिय सुमन,

बत्तीस वर्षांच्या संसारात तुला कधी नावानं हाक मारली नाही, 'ऐकलं का'वरच भागलं. आज पहिल्यांदा नाव लिहितोय, तेही भांडायला. उद्या तान्हा पोळा, पोरांच्या लाकडी बैलांचा. गल्लीतली तुझी सहाच्या सहा पोरं दुकानात ठाण मांडून बसली आहेत. त्यांची तक्रार तुझ्याशिवाय कुणाकडे करू?

जाण्याआधी तू मला सगळं दाखवलंस. गॅसचं पुस्तक, माझ्या गोळ्या, पापडाचा डबा. तू नसतानाही दर रविवारी ही फौज कापडाच्या तुकड्यांच्या पोत्यावर येऊन बसेल, तेवढं सांगायचं राहिलं का ग? मला वाटलं, तू गेलीस, आता पोरांचं ते शिवणकाम बंद. तेरवीनंतरच्या पहिल्याच रविवारी शटर वर केलं, तर सगळी पायरीवर हजर! "मास्तर, सुया द्या," म्हणे.

मी पँट-शर्ट शिवणारा माणूस. मला बाहुली येते? कापडी चेंडू येतो? इरफान विचारतो, "मास्तर, हत्तीची सोंड कशी उलटवू?" मला कॉलर उलटवता येते, सोंड नाही! ही पोरं माझा खडू पळवतात, बॉबिनचा दोरा संपवतात आणि सुया माझ्या खुर्चीच्या गादीत टोचून ठेवतात. परवा मी बसलो आणि लगेच उठलो. त्या मधल्या वेळात काय बोललो, ते इथे लिहीत नाही.

आणि त्यांचे ते टाके! एक गव्हाएवढा, तर दुसरा बोटाएवढा. मी तुला म्हणायचो, निदान खडूनं रेघ तरी मारून दे. तू हसायचीस. "पडू द्या ना वाकडे. गिऱ्हाइकाची पँट थोडीच हाये!"

यंदाही त्यांनी लाकडी बैलांसाठी झुली शिवायला घेतल्या. तुझ्याच नियमानं. प्रत्येकानं घरून एक तुकडा आणायचा, बाकीचे माझ्या पोत्यातले. काल दुपारी त्या सहा झुली टेबलावर मांडल्या आणि माझं डोकं फिरलं. माझ्या दुकानातून असं काम बाहेर जाणार? सगळं कळंब गाव बघणार? ब्लेड घेतलं आणि एकूण एक टाका उसवला. मग पाच जणांचे तुकडे एकमेकांत मिसळून मशीनवर पाच झुली सरळ टीप मारून शिवल्या. सहावी, म्हणजे गौरीची, घेणार तोच लाईट गेली आणि मशीनची मोटार थांबली.

आज सकाळी पोरं आली. मला वाटलं, खूश होतील. पण पाच जण पाच सारख्या झुली उलटसुलट करून बघत राहिले. "कोणाची कोणती हाये मास्तर?" इरफाननं विचारलं. गौरीनं तिचे सुटे तुकडे उचलले.

"हे काहून उसवलं?"

"वाकडं होतं."

"अर्धं काकूनं शिवलं होतं ना थे."

सुमन, तेव्हा आठवलं. गेल्या पोळ्याच्या आधी तू तिला धावदोरा दाखवत होतीस. तुझा हात थरथरायला लागला. उरलेलं पुढच्या वर्षी करू, म्हणालीस. मी मशीनवरून मान वर करून बघितलंही होतं. आणि पुन्हा खाली घातली.

तुझे टाके कधी वाकडे पडले नाहीत, म्हणून ओळखले नाहीत, असं म्हणू? आजारी हाताचे वाकडे पडणारच ना! अख्ख्या गावाची मापं माझ्या तोंडपाठ, आणि बायकोचा टाका कळला नाही. कचऱ्याची बादली उपसली. सहा जणांच्या दोऱ्याचा एकच गुंता, त्यात तुझा कोणता ते समजेना. मी कटिंगच्या टेबलाकडे तोंड करून रडलो. पोरांना दिसलं असणार.

गौरी नाही रडली. तुकडा घेऊन दारात गेली आणि उजेडात धरला.

"भोकं हायेत ना मास्तर. दिसून राह्यले मले. काकूनं जिथी टोचलं, तिथीच टोचू."

टेरीकॉटचं जाड कापड. तुझ्या सुईची भोकं जशीच्या तशी होती! आयुष्यभर गिऱ्हाइकांना मीच सांगत आलो, की उसवलं तरी खूण जात नाही. मला मात्र ते या पोरीकडून कळावं लागलं.

आता ती पोत्यावर बसून शिवतेय, दातांत जीभ धरून. तुझा हात जिथे डगमगला, तिथे तिचीही सुई तशीच वळते आहे. आणि बाकीचे पाच? "आमचं बी उसवून द्या," म्हणून माझ्याच टिपा माझ्याकडून काढून घेताहेत! पक्क्या टिपा आहेत, बोटं दुखायला लागली. हे पत्र मधूनमधून लिहितोय. हसू नकोस.

रविवारी शटर वेळेवर वर जाईल. सुया मोजून देईन आणि मोजून घेईन, तेवढं मला करू दे. पोरांच्या कामाला ब्लेड लावणार नाही. उद्या मिरवणुकीत सगळ्यांच्या बैलांबरोबर चालत जाईन, आणि या झुली कुठल्या दुकानातल्या असं कुणी विचारलं तर माझं नाव सांगेन.

आणखी एक. तुझी भोकं संपतात, तिथून पुढचे दोन टाके गौरीनं मला घालायला सांगितले आहेत. खडूनं रेघ मारणार नाही, सुमन. वाकडेच घालीन.

ज्याला तूही कधी नावानं हाक मारली नाहीस, तो तुझा
वसंत