ॲल्युमिनियमच्या डब्यातला जाड सूर

आई, आज सकाळपासून मी गिटार घेऊन बसलेय आणि घरात अजून केर काढलेला नाही. तू असतीस तर आधी केरावरून बोलली असतीस आणि मग पदर खोचून माझ्या शेजारीच बसली असतीस. मी गिटारचा आवाज हवा तसा बदलणारं, इफेक्ट्सचं एक नवं यंत्र घेतलंय. जाडशा पुस्तकाएवढं आहे, पायाने दाबायची बटणं आहेत, आणि जगातले सगळे आवाज यात आहेत असं दुकानदार म्हणाला. मला त्यातला एकच हवाय, डोंबिवलीच्या आपल्या स्वयंपाकघरात आपण दोघींनी मिळून काढलेला.

तेव्हा मी कॉलेजात होते. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. एका मैत्रिणीच्या भावाने परदेशी बँडच्या गाण्यांची कॅसेट भरून दिलेली आणि त्यातली गिटार ऐकून मी वेडी झालेले. सूर थिजत्या तुपासारखा जाड, आणि एकदा छेडला की लांबतच जाणारा. माझ्या सेकंडहँड गिटारमधून मात्र नुसतं टिणटिण यायचं. ठाण्यातल्या एका ऑर्केस्ट्राचा गिटारवाला नोकरीसाठी आखातात गेला, म्हणून मी तिथे विचारायला गेले, आणि तू कारखान्यातून सुटून थेट तालमीच्या खोलीवर आलीस. ऑर्केस्ट्राच्या मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मुलगी म्हणून त्यांना काही वाटलं नाही, हातही चांगला आहे म्हणाले, पण आवाज डासासारखा येतोय म्हणाले. पुढच्या महिन्यात कोळीवाड्यात एका हळदीला त्यांचा कार्यक्रम होता. तोवर आवाज जाड झाला तर मी वाजवायचं, नाहीतर ती जागा ते बँजोवाल्याला देणार होते. घरी येईपर्यंत मी रडवेली झालेले. तू चहा टाकलास आणि म्हणालीस, "ती कॅसेट लाव बघू."

तू ठाण्याला रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग करायचीस. दिवसभर पट्टीवर भाग बसवायचे आणि चिमटीने ओढून पक्के झालेत का बघायचं. कॅसेट ऐकताना तू मान तिरकी केलीस आणि म्हणालीस, "अगं, हा आवाज फाटलाय. आमच्याकडे असा आला तर रेडिओ नापास करतात." मी म्हटलं, मला तसाच नापास हवाय. तू इतकी हसलीस की चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी तू कारखान्यातल्या इंजिनीअर साहेबांना विचारून आलीस. त्यांनाही मजा वाटली असावी, कारण त्यांनी सगळं नीट समजावून दिलं होतं: आधी आवाज भरपूर वाढवायचा, मग डायोड नावाचे दोन बारके भाग लावून त्याच्या लाटांचे शेंडे छाटायचे. रविवारी जेवणं उरकली की ओट्यावर सोल्डरिंगची सळई तापायची आणि माशाच्या कालवणाच्या वासात राळेचा धूर मिसळायचा. पहिली जोडणी तू साबणाच्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवलीस. मी गिटारला हात लावायच्या आतच स्पीकरमधून एक गृहस्थ भातावरच्या तुडतुड्यांबद्दल बोलायला लागले. बाबांनी पेपरातून डोकं वर काढून विचारलं, गिटार शेतीवर का बोलतेय? तू कपाळाला हात लावलास. डबी धातूची हवी होती, नाहीतर ती रेडिओ पकडणारच. मग माळ्यावरून माझा शाळेतला ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा खाली आला, खिळ्याने त्याला भोकं पाडली, आणि शेतीचे गृहस्थ गप्प झाले. तरी आवाज मिक्सरमध्ये सुकं खोबरं फिरवल्यासारखा कोरडा येत होता. तेव्हा तू घरातल्या एका बंद पडलेल्या जुन्या रेडिओतले डायोड काढून लावून पाहिलेस. मी तार छेडली आणि सूर गेला तो जातच राहिला, जाड, थरथरता, गोड. हातात कालथा धरून तू तशीच उभी होतीस. "नापास," म्हणालीस, आणि मी तुला मिठी मारली.

ती हळद अजून डोळ्यांसमोर आहे: मांडव खाडीच्या अंगाला आहे. संध्याकाळ उतरतेय, नवरीचं सगळं गोत पिवळं झालंय, तू मागच्या खुर्चीत पर्स मांडीवर घट्ट धरून बसलीयस. डब्याचं बटण मी पायाने दाबते. मास्तर गायकाचा आवाज घुमवणाऱ्या एको मशीनची एक वायर माझ्याकडे सरकवतात. मी लांब सूर धरते, तो मांडवाच्या छताला लागून परत येतो, आणि नाचणारी माणसं क्षणभर थांबून पुन्हा दुप्पट जोराने नाचायला लागतात. नवरीची आजी थेट स्टेजपाशी येते. "पोरी, तो लांबडा सूर परत काढ गो," म्हणते. मी काढते. मग बघते तर तिने तुला हाताला धरून मधे ओढलंय, आणि लग्नाकार्यात कधी पाय न हलवलेली तू नाचतेयस, गालाला हळद, पर्स काखेत. मास्तर माझ्याकडे बघून पसंतीची मान डोलावतात. त्यानंतर आठ-नऊ वर्षं मी त्यांच्याकडे वाजवलं.

नव्वदनंतर कधीतरी मी एका सुराचे दोन करणारं जपानी कोरस पेडल आणलं, तेव्हा तुला ऐकवलेलं. दोघी बायका एकच ओवी म्हणताहेत आणि एक जराशी मागे पडतेय, असं वाटतं म्हणालीस. आज यंत्रात कोरस लावताना मी तेच कानाशी धरलं आणि एक बाई जराशी मागे ठेवली. फाटलेपण वाढवलं, वरचा कर्कशपणा कापला, एको थोडा मळका केला. यंत्र खरखर आपोआप पुसून टाकत होतं, ते बंद केलं. तरी काही जमेना. शेवटी स्पीकर उचलून स्वयंपाकघरात नेला, ओट्याकडे तोंड करून ठेवला, आणि आई, आला गं. हुबेहूब आला. मी एकटीच मोठमोठ्याने हसत होते, शेजारच्या बाई काय झालं म्हणून बघून गेल्या.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. पत्ता नाही म्हणून नव्हे, पुढचं वाचून तू रुसशील म्हणून. तो आवाज सापडल्यावर मी उगाच आणखी दोन बटणं फिरवली, आणि जो आवाज आला तो आपल्या डब्यातल्यापेक्षा चांगला होता. मी तोच ठेवलाय.