शुक्रवारच्या भागाआधी

मुंबई

आई, तुझ्या पाया पडते. नानांच्याही, त्यांना चालत असेल तर.

मी बरी आहे, जेवण वेळेवर होतं. फोनवर बोलताना नाना शेजारीच असतात, म्हणून लिहितेय.

जुन्या इंग्रजी कादंबरीवरची आमची मालिका सोमवारपासून टीव्हीवर येतेय. त्यात मी घर सोडून गेलेल्या मुलीचं काम करते. शुक्रवारच्या भागात ती आजारी वडिलांना भेटायला परत येते. 'बाबासाहेब, मला क्षमा करा,' असा संवाद होता. पण कॅमेरा सुरू झाला आणि माझ्या तोंडून आपल्या अहिराणीतच निघालं, "नाना, बठ्ठं बरं शे ना?" सगळं बरं आहे ना, एवढंच. मग रडूच आवरेना. दिग्दर्शक म्हणाले, "हेच ठेवू."

तेव्हापासून जिवाला चैन नाही. मी या कामासाठी घर सोडलं, तेव्हापासून नाना माझ्याशी बोललेले नाहीत. आता आपलं सगळं चोपडा गाव ते ऐकणार. त्यांना वाटेल, पोरीने घरातलं चव्हाट्यावर मांडलं. त्यांचा खोकला कसा आहे? केळीच्या बागेत अजून एकटेच जातात का?

शुक्रवारी टीव्ही लावू नकोस. नाही, लाव. पण आधी त्यांना सांग, की ते मी त्यांनाच विचारलं होतं. काही बोलले, तर मला लगेच कळव. रागावले तरी कळव.

तुझी,
भूमिका